अंतराळवीराचा बडग्या

नागपूरच्या लकडगंजात आमचं घर लाकूड चिरणाऱ्या आरामशिनींच्या मधोमध होतं, त्यामुळे शांतता म्हणजे काय हे मला लग्न होईपर्यंत नीट कळलं नव्हतं. सकाळी आठच्या सुमाराला पहिली मशीन सुरू व्हायची आणि मग एकेक करत सगळी गल्ली चिरचिरायला लागायची. ओंडक्यात पातं शिरलं की आवाज जाड व्हायचा, मधे गाठ लागली की किंचाळायचा, पलीकडे निघालं की पुन्हा मोकळा. आई चुलीपाशी बसल्याबसल्या सांगायची, "आज सागवान चिरून राह्यले," किंवा "बाभूळ हाय, आज तुह्या बाबाचा खांदा दुखते पाह्य." तिचं कधी चुकलेलं मला आठवत नाही. चूल म्हणते खरी, पण ती भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून ठासून भरायचा, आणि बाटली अलगद वर ओढून घ्यायची. जे भोक राहील त्यातून जाळ. एका भरणीत दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचा. भरायचं काम माझं होतं, आणि नीट ठासलं नाही तर भाकरी अर्ध्यात असताना डबा आतल्या आत ढासळायचा, मग आईची बोलणी. आमच्या वरणाला, भाजीला, केसांना, पुस्तकांना, सगळ्यालाच सागवानाचा वास होता. कॉलेजात एका मुलीनं मला विचारलं होतं, तू कोणतं अत्तर लावतेस? मी सांगितलं नाही.

बाबा समोरच्या शेठच्या मशिनीवर मिस्त्री होते. आरामशिनीवर दोन माणसं लागतात, एक लाकूड पात्यावर ढकलतो आणि दुसरा पलीकडून ओढून घेतो. बाबा ढकलायचे, रामाजी नावाचा त्यांचा जोडीदार ओढायचा. अठरा वर्षं ती जोडी होती. कामावर दोघं बोलत नसत, आवाजात बोलून उपयोगही नव्हता. बाबा मान हलवायचे तेवढ्यावर रामाजी ओढायचा किंवा थांबायचा. पात्यावर झाकण असं काही नव्हतं. एक झाकण होतं म्हणे, मशिनीसोबत आलेलं, पण त्यामुळे काम हळू होतं म्हणून शेठनं ते काढून भिंतीला टांगलं होतं, आणि दसऱ्याला मशिनीची पूजा व्हायची तेव्हा त्या झाकणालाही हळदकुंकू वाहिलं जायचं. मी हे विनोदानं लिहीत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बाबांना लिहिता येत नव्हतं. सही मात्र यायची, आणि ती त्यांना मी शिकवली होती. मी तिसरीत असताना एकदा ते माझी पाटी घेऊन बसले आणि म्हणाले, "माहं नाव लिहून दे वं शोभे." मी लिहून दिलं. मग महिनाभर रोज जेवण झालं की ते गिरवायचे. 'ना' चा काना नेहमी उलटा झुकायचा, आणि शेवटी सगळ्या नावाखाली ते एक लांबलचक रेघ मारायचे, ती मी शिकवलेली नव्हती, ती त्यांची स्वतःची. पगाराच्या दिवशी मशिनीवरची सगळी माणसं अंगठा लावायची आणि बाबा पेन मागायचे. मुनीम कंटाळायचा. रामाजी घरी येऊन आईला सांगायचा, "वैनी, मिस्त्री सही करत राह्यते तवरिक आमचा च्या थंडा होते." बाबा खूष व्हायचे. त्या माणसाच्या आयुष्यात मिरवण्यासारखं फार काही नव्हतं, एक ही सही होती आणि एक बडग्या. बडग्याचं पुढे येईलच.

आपला पहिला माणूस अंतराळात गेला तेव्हा मी शाळेत होते. टीव्ही अख्ख्या गल्लीत एकच, पानठेलेवाल्या बबनभाऊंकडे. त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्यापांढऱ्या मुंग्यांमध्ये एक माणूस तरंगत होता, आणि त्याला खालून कोणीतरी विचारत होतं की वरून आपला देश कसा दिसतो. बायका पदर तोंडाला लावून पाहत होत्या. मला त्या क्षणी काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी पेपरातली कात्रणं जमवून एका वहीत चिकटवायला लागले. बबनभाऊ पुड्या बांधायला जुने पेपर घ्यायचे, त्यातून मी हवं ते फाडून आणायचे. पोशाखाच्या नळ्या कुठून कुठे जातात, डोक्यावरचं काचेचं गोल कसं बसतं, झोपताना स्वतःला भिंतीला कसं बांधून घेतात, मला सगळं पाठ. बाबा एकदा वही चाळून म्हणाले, "तिथं जाऊन काय पाह्यते माणूस?" मी म्हटलं, "पृथ्वी पाहतो, बाबा." ते म्हणाले, "ते तं इथूनबी दिसते." आणि हसले.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात, मी अकरावीत असताना, दुसऱ्या देशाचं यान वर जाता जाताच फुटलं. सात माणसं होती आणि त्यातली एक शाळेत शिकवणारी बाई. तेही बबनभाऊंच्याच ओसरीवर पाहिलं. सरळ वर जाणारी धुराची रेघ अचानक दोन बाजूंना फुटते, ते दृश्य पुन्हापुन्हा दाखवत होते. मी रडत होते. बाबा भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी एवढंच विचारलं, "त्यायच्या घरचे लोकं खाली उभे राहून पाह्यत होते काय?" मी हो म्हटलं. ते चप्पल घालून निघून गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आता टीव्हीवर रोज या विषयावर कोणी ना कोणी भांडत असतं. आपण आपल्याच रॉकेटमधून आपली माणसं पाठवणार, तर एक जण म्हणतो एवढा खर्च कशाला, दुसरा म्हणतो देशाची मान उंच होईल, तिसरा म्हणतो जिवाला धोका आहे, यंत्रं पाठवा. माझी मुलगी मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, तीही जेवताना वाद घालते. म्हणते, "आई, कॅमेरा जाऊन येतो ना? माणूसच कशाला?" मी म्हणते, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या सात जणांसाठी चौकशी बसली, कुठला भाग थंडीनं कडक झाला होता तो शोधून काढला, कोणी आधी धोक्याची सूचना दिली होती आणि कोणी ती ऐकली नाही त्याची नावानिशी साक्ष झाली. माणसं मेली तर असंच व्हायला हवं. पण आमच्या गल्लीत दर दोनचार वर्षांनी कोणाचं तरी बोट, कोणाचा तरी पंजा जायचा, तेव्हा 'माणूसच कशाला' असं कोणी विचारलं नाही. पाटाफळ्यांची किंमत काय आणि हाताची काय, हा हिशेब कोणी टीव्हीवर मांडला नाही. लोकांना धोका फक्त आभाळातला दिसतो, कारण तिकडे मान वर करून पाहावं लागतं.

बारावीच्या सुरुवातीला कॉलेजात फिजिक्सच्या मॅडमनी एक फॉर्म आणला. सोनेगावच्या धावपट्टीवर ग्लायडर शिकवणार होते, आणि त्या वर्षी पहिल्यांदा मुलींना घेणार होते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं छोटं विमान. कुणाला ते फार वाटणार नाही, पण मी कात्रणांमध्ये वाचलं होतं की वर जाणारे बहुतेक सगळे आधी विमान चालवणारे होते, आणि माझ्या डोक्यात सरळ जिना तयार झाला. सोनेगाव ही पहिली पायरी. मॅडमनी सगळ्या वर्गातून माझं आणि आणखी दोघींचं नाव दिलं. फॉर्मवर पालकाची सही हवी होती, आणि सहीच्या वर बारीक अक्षरात एक वाक्य होतं. बाबा म्हणाले, वाच. मी वाचलं. "प्रशिक्षणादरम्यान माझ्या पाल्याच्या जिवास अथवा अवयवास इजा झाल्यास मी त्यासाठी कोणासही जबाबदार धरणार नाही."

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचलं, या वेळी थोडं भराभर.

"अशा कागदावर बाप सही करते काय वं?" त्यांनी आईकडे पाहिलं. "म्हंजे पोरगी पडली आभाळातून, तं म्या म्हणाव, काही हरकत नाही बाप्पा, होते असं?"

"ते नुसतं लिहायचं असतं, बाबा."

"लिवलं ते लिवलं. आपली सही म्हंजे आपला शब्द हाय."

आईनं तर विषयच संपवला. "मांडवात उभी राहाच्या वयात आभाळात जाऊन राह्यली. हातपाय मोडला तं कोण करंन?" मी दोन दिवस जेवले नाही. आमच्याकडे जेवण सोडणं हे हत्यार चालायचं, पण या वेळी चाललं नाही. फॉर्म द्यायची मुदत पोळ्यानंतरच्या आठवड्यापर्यंत होती, म्हणून मी गप्प बसले आणि वाट पाहिली. वाट पाहणं मला तेव्हा जमायचं.

आता बडग्याचं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, काळी आणि पिवळी, आणि त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा मोठा पुतळा. वर्षभरात लोकांना ज्याचा वैताग आला असेल त्याचा पुतळा करायचा, महागाई, हुंडा, भ्रष्टाचार, काहीही; गळ्यात पाटी अडकवायची, गावभर फिरवायचा, चपला मारायच्या, 'ईडापिडा घेऊन जाऽ गे मारबत' ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचा. आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष बबनभाऊ, आणि पुतळा बांधायचे बाबा. बाकी सगळं वर्ष ते कोणाच्या तरी दारांच्या चौकटी चिरायचे. हे आठ दिवस ते स्वतःच्या मनातलं काही तरी बनवायचे. हुंडा घेणाऱ्या नवरदेवाचा त्यांनी केलेला बडग्या, ज्याचं तोंड दोरी ओढली की उघडायचं, त्याची अख्ख्या इतवारी बाजारात कितीतरी वर्षं आठवण काढत.

त्या वर्षी बबनभाऊ पानठेल्यावरून ओरडूनच आले. "मिस्त्री, औंदा बडग्या अंतराळवाल्याचा! नळाले पाणी नाही, अन् हे चालले चंद्रावर. सात माणसं जळाले, तरी अक्कल नाही. काय गा, जमते का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आतून तणतणत बाहेर आले आणि म्हटलं की हे चूक आहे, ते शूर लोक आहेत, त्यांची चेष्टा का करायची. बबनभाऊ हसले. "शूर तं हायेच वं. पण आपल्याले काय भेटलं?" सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. संध्याकाळी ते शेगडीपाशी माझ्याशेजारी येऊन बसले. मी भुसा ठासत होते. म्हणाले, "शोभे, मले त्या लोकायचा पोशाख माहीत नाही. तुले माहीत हाय. तू सांग, म्या बांधतो. असा झाला पायजे का पुऱ्या इतवारीनं तोंडात बोट घातलं पायजे. झाला तं तुह्या कागदावर सही करतो."

मी लगेच हो म्हटलं. जे मला जगात सर्वांत प्रिय होतं ते चपला मारून जाळण्यासाठी बांधायला मी मदत करणार होते, आणि मला त्यात काही वाटलं नाही. उलट मी स्वतःची समजूत घातली की इतका हुबेहूब करू की बघणाऱ्यांचे हात चपलेकडे जाणारच नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीला असंच वाटणार. पाटीही मीच लिहिली, कारण गल्लीत माझं अक्षर चांगलं. 'नळाला नाही पाणी, अन् चंद्रावर राजा-राणी!' बबनभाऊंनी सांगितलं ते मी ठळक लाल रंगात काढलं, उद्गारचिन्हासकट.

आठ दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खळ शिजत होती, चंदेरी कागद वाळत होते, जुन्या सायकलीच्या ट्यूबा कापून पोशाखाच्या नळ्या झाल्या होत्या. मी कात्रणांची वही मांडीवर घेऊन सांगायचे आणि बाबा बांधायचे. असं आम्ही दोघं कधीच एकत्र बसलो नव्हतो. ते प्रश्न विचारायचे. ही नळी काहाची, श्वासाची का पाण्याची? लघवी कुठी करते? मी सांगायचे, ते मान डोलवायचे. एकदा म्हणाले, "एवढ्या जणायनं मिळून एका माणसाची काळजी घेतली न वं, म्हणून त्याची हिंमत होते." ते वाक्य मी विसरलेले नाही. त्या आठ दिवसांत मी सुखी होते, हेही लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यानं ते सुख खोटं ठरत नाही.

डोक्यावरच्या गोलापाशी गाडं अडलं. बाबांनी बांबूच्या कामट्यांचा गोल विणला आणि तो टोपल्यासारखा दिसायला लागला, गाठीगाठींचा, ओबडधोबड. आई म्हणाली, छान आहे. बबनभाऊ म्हणाले, दौडते, म्हणजे चालून जाईल. मी म्हटलं, "असा नसतो." मी वहीतलं चित्र दाखवलं. "गुळगुळीत असतो, बाबा. हा अंतराळवीर नाही, हा भाजी विकणारा वाटतो." बाबांनी बराच वेळ चित्र पाहिलं आणि म्हणाले, "सागवानाच्या बारीक पट्ट्या पायजे. बोटाएवढ्या रुंद, कागदावानी पातळ. पाण्यात भिजवल्या का वाकते." दुसरा दिवस पोळ्याचा होता. मशीन बंद. रामाजी गावाला गेला होता, त्याच्या घरचे बैल सजवायला. पण मिस्त्री म्हणून किल्ली बाबांकडे असायची.

पोळ्याच्या दिवशी घरात पुरणाचा वास असतो, कढी असते, वडे तळत असतात. आई म्हणाली, जेवून जा. बाबा म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, येऊन बसतो. मी त्यांच्यासोबत गेले, कारण दुसऱ्या बाजूनं ओढायला कोणीतरी हवं होतं. मशिनीच्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच उभी होते. गल्ली त्या दिवशी शांत होती, त्यामुळे आमची एकच मशीन सुरू झाली तेव्हा तिचा आवाज मला कानात नाही, दातांत जाणवला. बाबा ओरडून म्हणाले, "पात्याकडे पाहू नको. माह्याकडे पाह्य. मान हालवली का ओढाचं." पहिली पट्टी आली, पातळ, गरम, सुंदर. दुसरी आली. तिसरी. मला वाटलं, किती सोपं आहे. पाचवी का सहावी, त्या लाकडात गाठ होती. आवाज किंचाळला. बाबांनी मान हलवली का? मी इतकी वर्षं हे स्वतःला विचारते आहे. मला आठवतं की हलवली. मला हेही आठवतं की मी आधीच ओढलं होतं. रामाजीला अठरा वर्षांत जे कळलं होतं ते मला पाच पट्ट्यांत कळलं नव्हतं. लाकूड उडालं आणि बाबांचा उजवा हात पुढे गेला.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं. बाबा ओरडले नाहीत, त्यांनी डाव्या हातानं बटण बंद केलं आणि मला म्हणाले, "तू बाहीर जाय." मी गेले नाही. मी माझी ओढणी त्यांच्या हाताला गुंडाळली. भुशावर जे पडलं होतं ते उचलायचं असतं, बर्फात ठेवायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अंतराळात माणूस लघवी कशी करतो ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून मी आईनं केलेला डबा आणायला घरी निघाले आणि रस्त्यात मारबत लागली. एवढी गर्दी की पलीकडे जाता येईना. ढोल, गुलाल, पोरं ओरडतायत. आमच्या गल्लीचा बडग्या आला. बबनभाऊंनी काम थांबू दिलं नव्हतं. डोक्यावर तेच बांबूचं टोपलं चढवलं होतं, वरून चंदेरी कागद लावला होता. लोकांना तोच प्रचंड आवडला. "पाह्य पाह्य, भाजीवाला चाल्ला चंद्रावर!" माझ्या शेजारचा एक म्हातारा हसून हसून खोकायला लागला. माझ्याच अक्षरातली पाटी त्याच्या गळ्यात डुलत होती. चपला पडत होत्या. टोपलं चाललं असतं. कोणाला गुळगुळीत गोल नको होता. 'घेऊन जाऽ गे मारबत,' लोक ओरडत होते, आणि मी फुटपाथवर उभी होते आणि मला कळत नव्हतं की ती माझ्या घरातून नेमकं काय घेऊन गेली.

तीन दिवसांनी मी कॉलेजातून सरळ दवाखान्यात गेले. बाबा खाटेवर बसले होते, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर. डाव्या हाताचा अंगठा जांभळा होता. मी घाबरले, मला वाटलं तोही हात बिघडला. म्हटलं, "हे काय झालं?"

"शाई हाय वं. मुनीम येऊन गेला."

"कशाला?"

"कागद आणला होता. म्या सुट्टीच्या दिवशी, माह्या मर्जीनं, माह्या घरच्या कामासाठी मशीन चालवली. शेठचा काही संबंध नाही." त्यांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. "वाचून दाखवला त्यानं. 'जिवास अथवा अवयवास.' म्या म्हटलं, हे तं आमच्या शोभाच्या कागदावरलंच हाय. सारखंच लिवते का गा तुमी सगळे?"

पगाराच्या दिवशी बाबा नऊ वर्षं पेन मागत आले होते. तो अंगठा मला पाहवत नव्हता. बाबांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी हात चादरीखाली घेतला, आणि मग पुन्हा बाहेर काढला.

"तुह्याजवळ हाय का तो कागद? आज शेवटची तारीख हाय न?"

कागद माझ्या पिशवीत होता. तो मी का सोबत ठेवला होता, याचं उत्तर मला चांगलं माहीत आहे आणि ते मला आवडत नाही. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "आण वं. बडग्या झाला न? शबद दिला होता म्या. अन् शाई लागलीच हाय आंगठ्याले." मी कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, कुठे? मी बोट ठेवलं. त्यांनी अंगठा दाबला, थोडा वेळ दाबून ठेवला, आणि उचलून पाहिलं. ठसा फिकट आला होता, चांगली शाई मुनीमाच्या कागदानं आधीच नेली होती. आणि मग सवयीनं त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या ठशाखाली डावीकडून उजवीकडे ओढलं, त्यांची ती लांब रेघ. कागदावर काहीच उमटलं नाही.

मी तो फॉर्म दिला नाही. मी खूप वर्षं लोकांना सांगत आले की बाबांच्या त्या अवस्थेत मला जावंसं वाटलं नाही, घरी माझी गरज होती, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. ते खोटं नाही. पण त्या दिवशी दवाखान्यातून परत जाऊन कॉलेजच्या फाटकाशी उभी असताना मला ते वाटत नव्हतं. मला वाटत होतं की बाकीच्या दोघींच्या फॉर्मवर सह्या असतील, आणि मॅडम माझा फॉर्म उलटून पाहतील आणि काही बोलणार नाहीत. मला अंगठ्याची लाज वाटली. एवढंच कारण. आभाळात जाण्याची माझी तयारी होती, आणि एका जांभळ्या ठशासकट दहा पावलं चालून जाण्याची नव्हती. त्या दोघी सोनेगावला शिकल्या. त्यातली एक पुढे विमान चालवायला लागली, असं ऐकलं. मी बँकेत लागले.

शेठनं बाबांना चौकीदार म्हणून ठेवून घेतलं. गल्लीत सगळे म्हणायचे, देवमाणूस आहे. मशिनीच्या फाटकाशी एका स्टुलावर बाबा दिवसभर बसायचे. आत त्यांच्या जागी दुसरा कोणी ढकलायचा आणि रामाजी ओढायचा, आणि झाकण भिंतीलाच होतं. मी कॉलेजातून येताना त्यांच्यापाशी थांबायचे, ते डाव्या हातानं माझी वह्यापुस्तकं घ्यायचे आणि मी त्यांना चहा आणून द्यायचे. महिनाभरानं एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुह्या त्या आभाळाच्या कागदाचं काय झालं वं? काही सांगतलं नाही तू."

आत मशीन चालू होती. मी कानाशी वाकून, मोठ्यानं म्हटलं, "नंबर नाही लागला, बाबा."

त्यांनी पट्टीतला हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं," ते म्हणाले. "जिवाले धोका होता."